दहा वर्षांची दहा गाणी आणि यादीत नसलेली गल्ली

आमच्या दहावीच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. एरवी त्यावर गुड मॉर्निंग, वाढदिवस आणि कृष्णेला पूर आला की पुराचे फोटो, एवढंच चालतं. पण स्नेहमेळाव्याला गाणी कुठली लावायची, यावरून गेले पंधरा दिवस ग्रुप पेटलाय. शेवटी ठरलं की 2010 ते 2019 या दहा वर्षांतली मराठी गाणी लावायची. प्रत्येकाने आपली दहा आवडती गाणी पाठवायची, ज्यांना जास्त मतं ती वाजणार.

तेवीस याद्या आल्या. म्हणायला तेवीस, पण नीट बघितलं तर दीडच. ‘नटरंग’, ‘दुनियादारी’, ‘टाईमपास’, ‘कट्यार’, ‘सैराट’. पुढेमागे एवढाच फरक. माझीही यादी तशीच होती, उगाच शहाणपणा सांगत नाही.

आणि ही गाणी वाईट आहेत असं कोण म्हणेल? ‘नटरंग’ 1 जानेवारी 2010 ला आला, म्हणजे दशकाच्या पहिल्याच दिवशी. गुरू ठाकूर यांचे शब्द, अजय-अतुलचं संगीत. ‘अप्सरा आली’ लग्नाच्या वरातीपासून शाळेच्या गॅदरिंगपर्यंत सगळीकडे वाजलं. पण मला विचाराल तर ‘खेळ मांडला’ मोठं गाणं. रात्री एसटीत खिडकीशी बसून ते ऐकलं असेल त्याला जास्त सांगायला नको. ‘सैराट’साठी याच दोघांनी थेट हॉलिवूडच्या स्टुडिओत मोठा वाद्यवृंद घेऊन ध्वनिमुद्रण केलं. करमाळ्याकडच्या पोरापोरीच्या प्रेमाला तिकडची व्हायोलिनं! ‘कट्यार’मधल्या ‘अरुणी किरणी’साठी महेश काळे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याआधी ‘बालगंधर्व’साठी आनंद भाटे यांना. या दोघांना हा मान मिळाला, याचा अभिमान आहेच.

तर याद्यांची मोजणी चालू होती. तेवढ्यात आमच्या साऊंडवाल्या मित्राचा मेसेज आला. हा कधी बोलत नाही. ग्रुपमधल्या निम्म्या लोकांच्या लग्नात साऊंड त्याचाच होता, मेळाव्यालाही त्याचाच असणार आहे. त्याने एकच ओळ लिहिली:

“यादीत चौदा एप्रिल कुठाय लेकांनो?”

ग्रुप गप्प. मग कुणीतरी हात जोडल्याचा इमोजी टाकला. मग एकाने लिहिलं, “गाण्यात जात कशाला आणतोस भावा?” त्यावर त्याने काहीच लिहिलं नाही. मला मात्र झोप लागेना.

आमच्या घराच्या मागच्या बाजूला गल्ली होती. वर्षातून एकदा, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, तिथून चार दिवस गाणी यायची. मी ती सगळी ऐकली आहेत, चाली अजून तोंडात आहेत. पण ‘आवडती गाणी’ म्हटल्यावर त्यातलं एकही मला आठवलं नाही. आवडत नव्हती म्हणून नव्हे. ती ‘त्यांची’ गाणी आहेत, असं कुणी न सांगताही डोक्यात बसलं होतं. आमच्याकडे त्या दिवसांत मागची खिडकी लावून घ्यायचे. आवाज होतो म्हणून. गणपतीत दहा दिवस स्पीकर दारात असायचा, तेव्हा ती खिडकी उघडीच असायची.

आता गंमत बघा. आमच्या तेवीसपैकी निदान पंधरा याद्यांत ‘दुनियादारी’मधलं ‘देवा तुझ्या गाभाऱ्याला’ आहे. ते कुणी गायलं? आदर्श शिंदेने. त्याचे वडील आनंद शिंदे, आजोबा प्रल्हाद शिंदे. प्रल्हाद शिंदेंच्या आवाजातली आरती आणि विठ्ठलाची गाणी आपल्या घराघरात वाजतात. त्याच गळ्याने आयुष्यभर भीमगीतंही गायली, मुलांनी गायली, नातू गातोय. आपण त्या घराण्याची आरती घरात घेतली, प्रेमभंगाचं गाणं मोबाईलमध्ये घेतलं आणि तिसरं मात्र खिडकीबाहेर ठेवलं. मग गाण्यात जात आणली कुणी? साऊंडवाल्याने की आपण?

दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात गेलो. म्हणलं, तूच दे यादी. तो हसला आणि म्हणाला, “यादी नको, पेनड्राईव्ह ने.”

आठवडाभर तो ऐकतोय. त्यात तेव्हाच्या औरंगाबादच्या कडूबाई खरात आहेत. हातात एकतारी आणि तो आवाज, बस्स. मोठी कंपनी नाही, सिनेमा नाही, कुणीतरी मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जात जात गावोगाव पोचला. त्यात संभाजी भगत आहेत. त्यांची गाणी चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’मध्ये आहेत. तुमच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने जीव दिला, असा आरोप ठेवून म्हाताऱ्या शाहिराला कोर्टात खेचतात, अशी त्या सिनेमाची गोष्ट. त्याला 2014 चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आपल्याकडून ऑस्करला गेला. आमच्या ग्रुपमध्ये तो पाहिलेले तीन जण निघाले.

आणि शीतल साठे. आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ या माहितीपटात ती गाते. पुण्याच्या कबीर कला मंचाची ही पोरं. एप्रिल 2013 मध्ये ती आणि सचिन माळी विधान भवनाबाहेर स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले. ती तेव्हा गरोदर होती, तिला काही महिन्यांत जामीन मिळाला. सचिनला आणि मंचाच्या आणखी दोघांना 2017 साल उजाडावं लागलं. त्यांच्या राजकारणाबद्दल तुमचं मत काहीही असू द्या. पण ज्या दशकात आपण ‘झिंगाट’वर नाचलो, त्याच दशकात काही गाणारी माणसं जवळजवळ चार वर्षं तुरुंगात होती. दशकाची गाणी निवडताना एवढं तरी माहीत असायला हवं.

पोरीने एक गाणं स्वतःहून दिलं. ‘स्वदेसी’ हा मुंबईच्या हिप-हॉपवाल्या पोरांचा गट, त्यांचं 2019 मधलं ‘द वारली रिव्होल्ट’. सोबत आरेच्या पाड्यातले प्रकाश भोईर. जंगल, बिबट्या आणि पाडे यांचं गाणं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली दोन हजारांवर झाडं तोडली, कटर रात्रीच चालू झाले होते. गाणं ऐकल्यावर ती बातमी मला परत वाचावी लागली.

आता कुणी म्हणेल, म्हणजे यादीतही आरक्षण का? तर नाही. पेनड्राईव्हमधली निम्मी गाणी मला आवडली नाहीत, तसं मित्राला सांगितलंही. काही नुसती दणदणाट आहेत. पण सिनेमातलीही निम्मी दणदणाटच असतात की. आवड-नावड ऐकल्यावर ठरते. मी न ऐकताच ठरवून बसलो होतो, माझी चूक एवढीच. पण ती तीस वर्षांची आहे.

आणखी एक काळजी आहे. सिनेमाच्या गाण्याला कंपनी असते, पोस्टर असतं, नावं असतात. पन्नास वर्षांनी कुणाला ‘सैराट’ची गाणी हवी असली तर मिळतील. पेनड्राईव्हमधल्या कित्येक गाण्यांच्या फाईलवर ‘न्यू 2016 डीजे मिक्स’ एवढंच लिहिलंय. लिहिलं कुणी, चाल कुणाची, पहिल्यांदा गायलं कुठे, काही पत्ता नाही. वामनदादा कर्डकांची हजारो गाणी लोकांनी वह्यांत उतरवून जपली. आता वह्या गेल्या आणि मेमरी कार्ड खराब होतं. तुमच्या गावात अशी गाणी लिहिणारं, गाणारं कुणी असेल तर जाऊन नाव, साल आणि शब्द उतरवून घ्या. सरकार करेल तेव्हा करेल.

तर माझी बदललेली यादी. खेळ मांडला. मराठी अभिमानगीत, कारण 2010 मध्ये कौशल इनामदारांनी सुरेश भटांच्या कवितेसाठी चारशेहून अधिक गळे एकत्र आणले होते. देवा तुझ्या गाभाऱ्याला. ‘कोर्ट’मधला पोवाडा. अरुणी किरणी. सैराट झालं जी. 2017 मधलं ‘सोनू’, कारण ज्याला वाटेल त्याने त्यात आपलं कडवं घातलं. मलिष्काने त्यातून मुंबईचे खड्डे विचारले, तर महापालिकेने तिच्या घरी डासांच्या अळ्या शोधल्या! मग कडूबाई खरात, शीतल साठे आणि शेवटी द वारली रिव्होल्ट. माझी मूळची चार गाणी गेली. ‘झिंगाट’ही गेलं, पण ते साऊंडवाला लावणारच आहे, त्याची चिंता नको.

यादी ग्रुपवर टाकली. दोघांनी अंगठा दाखवला, एकाने ग्रुप सोडला. साऊंडवाल्याने लिहिलं, “चालतंय. पण खिडकी उघडी ठेव.” त्या खिडकीचं मी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. मग लक्षात आलं, तो लहानपणी खिडकीच्या पलीकडेच राहायचा.

तुमची दहा गाणी खाली लिहा. आणि लिहून झाल्यावर बघा, त्यात कुठली गल्ली राहिली.