पिकअपमधून खडखड येतेय? थांबा, पार्ट लगेच घेऊ नका!



आज मी माझ्याच गल्ल्याच्या विरोधात बोलणार आहे. माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. तुम्ही जितके पार्ट न्याल, तितका माझा फायदा. तरीही सांगतो, जुन्या पिकअपमधून आवाज यायला लागला की आधी दुकानात येऊ नका. आधी आवाज कुठून येतोय ते शोधा.

आपल्यापैकी बरेच जण दहा-बारा वर्षं जुनी बोलेरो पिकअप किंवा टाटा २०७ घेऊन धंदा सुरू करतात. भाजीपाला, सिमेंट, मंडपाचं सामान, मिळेल ते भाडं मारतात. मग एक दिवस पुढून खडखड सुरू होते आणि काउंटरवर ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "शॉकअप द्या, बुश द्या, टाय रॉड एंड पण द्या. सगळंच बदलून टाकू."

आता हिशोब करा. समजा पार्ट ४,००० रुपयांचे, मजुरी १,५००, आणि गाडी दोन दिवस उभी म्हणून रोजचे २,००० बुडाले. झाले ९,५००. एवढं करून आवाज तसाच राहिला तर? एकदा बसवलेला पार्ट कोणी परत घेत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे: मालकाला पाना चालवता आला नाही तरी चालेल, पण निदान समजलं पाहिजे.

आवाज "कधी" येतो, ते आधी लिहा

मेकॅनिकला "पुढून आवाज येतो" एवढंच सांगितलं तर तो अंदाजच मारणार. हे बघा:

१. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं की घूंऽऽ असा आवाज: पॉवर स्टिअरिंगचं ऑइल बघा. पूर्ण वळवल्यावर किंचाळल्यासारखा आवाज आला तर बेल्ट ढिला असू शकतो.

२. स्पीडब्रेकरवर हळू जाताना कुईं-कुईं: सुकलेले रबर बुश किंवा एकमेकांवर घासणारे पाटे.

३. खराब रस्त्यावर टक-टक, खट-खट: स्टॅबिलायझर लिंक, बॉल जॉइंट, शॅकलचे बुश किंवा शॉकअपचे वरखालचे बुश.

४. वेगासोबत वाढणारी घरघर: व्हील बेअरिंग. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकावर जातं. तेव्हा घरघर वाढली तर पहिला संशय उजव्या बाजूवर घ्या. पण टायर वेडंवाकडं झिजलं तरी असाच आवाज येतो, म्हणून टायरवरून हात फिरवून बघा.

५. गिअर टाकून क्लच सोडला की खण्णकन आवाज: हा बहुतेक वेळा सस्पेन्शनचा नसतोच. प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस तपासा, आणि मागच्या पाट्यांचे यू बोल्टही बघून घ्या.

अर्ध्या तासाची तपासणी

दोन माणसं लागतात. एकाने इंजिन चालू ठेवून, हँडब्रेक ओढून, स्टिअरिंग थोडं-थोडं डावी-उजवीकडे हलवायचं. दुसऱ्याने बाजूने वाकून बघायचं, कोणता जॉइंट चाक हलायच्या आधी नुसताच हलतो. स्टिअरिंग बॉक्सचे बोल्टही तेव्हाच बघा. बॉक्स चेसीवर हलत असेल तर नवीन टाय रॉड एंड टाकून काहीच होणार नाही.

मग इंजिन बंद करा, मागच्या चाकांना दगड लावा, पुढचं चाक जॅकवर उचला. गाडीखाली जायचं असेल तर स्टँड लावल्याशिवाय जाऊ नका, नुसत्या जॅकचा भरवसा नाही. घड्याळातल्या ९ आणि ३ च्या जागी चाक धरून हलवा. खेळ लागला तर टाय रॉड एंड किंवा स्टिअरिंगचा जॉइंट बघा. मग १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा. इथे खेळ असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग. तरीही राहिला तर बॉल जॉइंट किंवा किंग पिन.

कुईं-कुईं शोधायला तर पाण्याची बाटली पुरते. एकेका बुशवर पाणी मारा आणि गाडी दाबून हलवा. ज्यावर पाणी मारल्यावर आवाज थोडा वेळ थांबला, तो बुश तुमचा आरोपी. पण रबरावर डिझेल किंवा जळकं ऑइल मारू नका, त्याने रबर फुगतं आणि लवकर खराब होतं.

बुश बदलताना मेकॅनिकला एक सांगा: बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी करून. हवेत आवळला तर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. पाट्यांचं काम केलं असेल तर थोडं चालवून यू बोल्ट पुन्हा आवळून घ्या.

कोणता आवाज थांबू शकतो, कोणता नाही

कुईं-कुईं रविवारपर्यंत थांबेल. पण टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, किंग पिन, व्हील बेअरिंग यात खेळ दिसला तर "एवढी एक ट्रिप मारून येतो" हे वाक्य बंद. टाय रॉड एंड सुटला की ते चाक तुमच्या ताब्यात राहत नाही. घाटात, भरल्या गाडीत ते झालं तर पुढचं सांगायला नको.

आणि इथेच मालक म्हणून तुमची खरी परीक्षा आहे. आवाज सगळ्यात आधी ड्रायव्हरला कळतो. पण गाडी उभी राहिली की त्याची रोजी बुडणार असेल, तर तो टेपचा आवाज वाढवेल, तुम्हाला सांगणार नाही. म्हणून माझ्या मते नियम असा हवा: ज्या दिवशी ड्रायव्हरने आवाज सांगितला आणि गाडी तपासायला उभी राहिली, त्या दिवसाची रोजी कापायची नाही. हा खर्च वाटतो, पण गाडीचा सगळ्यात स्वस्त विमा हाच आहे.

या आठवड्याचं काम सोपं आहे. गाडीत एक छोटी वही ठेवा. तारीख, आवाज कसा, कधी, कोणत्या बाजूने, आणि गाडी भरलेली होती की रिकामी, एवढं लिहा. ती वही घेऊन मेकॅनिककडे जा. आणि मग खुशाल दुकानात या, लागेल तेवढाच पार्ट मागा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, हिशोबात करा!