पंचनाम्यानंतर

१९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकरांची वाडी दरडीखाली गाडली गेली. वर जायला रस्ता नव्हता, यंत्रे चढेनात. जवानांनी आणि गावकऱ्यांनी फावड्या-घमेल्यांनी माती उपसली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ माणसे सापडलीच नाहीत आणि शोध थांबवण्यात आला. ते कदाचित अटळही असेल. पण मृतदेह नाही तर शवविच्छेदन नाही, ते नाही तर मृत्यूचा दाखला नाही. बेपत्ता माणूस मृत मानायला कायदा सात वर्षे मागतो. सरकारने खास आदेश काढल्याखेरीज सातबाऱ्यावर वारस लागत नाही, बँकेतले पैसे निघत नाहीत. मेलेल्यांचा हिशेब असा होतो. जगलेल्यांचा कोण ठेवतो?

आपल्याकडे पुनर्वसन म्हणजे घर आणि घर म्हणजे चावीवाटप. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादेत ५२ गावे नव्याने वसली. रस्ते रुंद, प्लॉट आखीव. पण बैल बांधायचा कुठे आणि कडबा रचायचा कुठे, हे नकाशा काढणाऱ्याने कोणाला विचारले असेल असे वाटत नाही. माळीण गावात दरडीखाली १५१ माणसे गेली. वाचलेल्यांना आमडे येथे २०१७ साली नवी घरे मिळाली आणि त्याच पावसाळ्यात तिथले रस्ते खचले. दरडीतून सुटलेल्यांनी पुन्हा पावसाला भ्यावे, ही कसली वास्तुशांत?

१९९३ च्या त्याच किल्लारी भूकंपाच्या वेळी भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले पुण्याला नेऊन शिकवली. हे काम वर्षानुवर्षांचे होते, त्याला फीत कापायचा मुहूर्त नव्हता. सरकारला तेवढा दम का नसावा? कारण उघड आहे. तहसीलदाराची बदली साधारण तीन वर्षांत होते. सहा वर्षांचे पोरके पोर सज्ञान व्हायला बारा लागतात. मधल्या काळात फाइल पोरकी. पोराच्या नावावरची मदत काका-मामाच्या हाती कशी खर्च होते, हे पाहायला कोणी येत नाही.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम १२ मध्ये विधवा, अनाथ आणि उपजीविका यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तेव्हा नवी समिती नको. प्रत्येक आपद्ग्रस्त गावासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात एक जबाबदार पद निश्चित करा, शेवटचे मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत ते ठेवा, आणि त्या अधिकाऱ्याने दरवर्षी ग्रामसभेत उभे राहून मुलांच्या ठेवींची पासबुके, शाळेचे दाखले आणि कोणाच्या हाताला काम मिळाले त्याची यादी वाचून दाखवावी.