गिअरबॉक्स उघडण्याआधी कान उघडा

आमच्या अण्णांची पद्मिनी अकरा वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. अण्णा म्हणजे माझे सासरे. सासूबाई गेल्यानंतर त्यांनी गाडीला हात लावला नव्हता. १९७८ सालची ही गाडी त्यांनी १९८६ मध्ये जुनी म्हणून विकत घेतली होती. माझे यजमान हिच्यातून शाळेत गेले आणि आमच्या लग्नाची वरातही हिच्यातूनच निघाली. गेल्या वर्षी एके दिवशी अण्णांनी ताडपत्री काढली आणि म्हणाले, "हिला आता रस्त्यावर आणायचीच."

सात महिने गाडी गॅरेजमध्ये होती. पत्रा ठोकून झाला, रंग झाला, नव्या गाद्या आल्या, इंजिनही उतरवून नीट केले. गाडी घरी आली त्या दिवशी आम्ही हार घातला, नारळ फोडला आणि शेजाऱ्यांना पेढे वाटले. संध्याकाळी सगळे मिळून फिरायला निघालो. अण्णांनी दुसरा गिअर टाकला आणि माझी अकरा वर्षांची लेक मागच्या सीटवरून म्हणाली, "आजोबा, मिक्सर लावल्यासारखं काय वाजतंय?"

"कुठे? काही वाजत नाही," अण्णा म्हणाले.

वाजत होते. आम्हां सगळ्यांना ते ऐकू येत होते. गॅरेजवाल्यांना फोन केला. "जुनी गाडी आहे, एवढा आवाज येणारच," असे उत्तर मिळाले. पुन्हा पुन्हा विचारल्यावर आठवड्याने निदान बदलले. गिअरबॉक्स गेलाय, भंगारात निघालेल्या एखाद्या टॅक्सीचा बसवू, असे ते म्हणाले. खर्च अण्णांच्या दोन महिन्यांच्या पेन्शनएवढा होता. यजमान वैतागून म्हणाले, "अण्णा, आता पुरे झालं. विकून टाका." अण्णा काही बोलले नाहीत. त्या संध्याकाळी त्यांचा चहा तसाच निवला.

वाचकहो, तुमच्याही घरी अशी एखादी जुनी गाडी असेल. वडिलांची ॲम्बेसेडर, काकांची फियाट किंवा एखादी जीप. दुरुस्तीनंतर तिच्या पोटातून आवाज येऊ लागला की दोनच सल्ले मिळतात. एक, दुर्लक्ष करा. दोन, सगळेच बदला. या दोन्हींच्या मध्ये एक तिसरा मार्ग आहे. तो आम्हांला कुर्ल्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी दाखवला.

आवाज कधी येतो?

या मिस्त्रींना सगळे चाचा म्हणतात. त्यांचा सारा जन्म टॅक्सी दुरुस्त करण्यात गेला. फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी या गाड्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्याच कारखान्यात बनत. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असे कित्येक वर्षे समीकरण होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. आता चाचांकडे येतात त्या हौशी लोकांनी जपलेल्या गाड्या.

चाचांनी बॉनेट उघडले नाही. त्यांनी फक्त विचारले, "आवाज कधी येतो?"

"गाडी चालवताना," मी म्हणाले.

ते हसले. "ताई, डॉक्टरकडे जाऊन नुसतं 'दुखतंय' म्हणता का? कुठं दुखतं, कधी दुखतं, काय केल्यावर थांबतं, हे सांगता ना? मग गाडीचंही सांगा. घरी जा, वही घ्या आणि लिहून आणा."

पेटीच्या आत काय असते?

आवाज ओळखायचा तर आतली रचना थोडीशी माहीत हवी. इंजिनाची ताकद क्लचमधून एका छोट्या दांड्यावर येते. हा इनपुट शाफ्ट. तो खालच्या काउंटर शाफ्टला फिरवतो. काउंटर शाफ्टवरच्या लहानमोठ्या चक्रांवरून ताकद मेन शाफ्टवर जाते आणि तिथून प्रॉपेलर शाफ्टने मागच्या चाकांकडे. हे सगळे दांडे बेअरिंगवर फिरतात.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, गाडी न्यूट्रलमध्ये उभी असली आणि क्लचवर पाय नसला, तरी इनपुट शाफ्ट आणि काउंटर शाफ्ट फिरतच असतात. क्लच दाबला की ते थांबतात. दुसरी, पद्मिनी किंवा ॲम्बेसेडरच्या चार गिअरच्या पेटीत चौथ्या गिअरमध्ये ताकद इनपुट शाफ्टवरून सरळ मेन शाफ्टवर जाते. काउंटर शाफ्ट फिरतो, पण त्याच्यावर ओझे नसते. निदानाची अर्धी किल्ली या दोन गोष्टींत आहे.

पहिली परीक्षा: उभ्या गाडीची

गाडी सपाट, मोकळ्या जागी उभी करा. हँडब्रेक ओढा, चाकांना विटा लावा. बंद शेडमध्ये इंजिन कधीही चालू ठेवू नका, धुरातला विषारी वायू जीव घेऊ शकतो. इंजिन गरम झाले की न्यूट्रलमध्ये ठेवून ऐका. मग क्लच सावकाश पूर्ण दाबा.

पाय वर असताना घरघर येते आणि क्लच दाबल्यावर थांबते, तर दोष इनपुट शाफ्टच्या किंवा काउंटर शाफ्टच्या बेअरिंगमध्ये असण्याचा संभव मोठा.

उलट, क्लचवर पाय टेकताच किर्र असा आवाज सुरू होतो आणि पाय काढताच जातो, तर संशय क्लचच्या रिलीज बेअरिंगवर घ्या. आवाज क्लच पूर्ण दाबल्यावरच येत असेल, तर इनपुट शाफ्टचे टोक ज्यात बसते ते पायलट बेअरिंग किंवा बुश तपासायला सांगा. या दोन्ही वस्तू गिअरबॉक्सच्या बाहेर, क्लचच्या बाजूला असतात. त्यासाठी पेटी उतरवावी लागते, पण पेटीचे पोट फाडावे लागत नाही.

दुसरी परीक्षा: एकेका गिअरची

रिकाम्या रस्त्यावर प्रत्येक गिअरमध्ये थोडे थोडे अंतर चालवा. शेजारी बसलेल्याने वहीत लिहावे.

आवाज एकाच गिअरमध्ये येत असेल, तर त्याच गिअरच्या चक्राचे दाते झिजले किंवा तुटले असावेत. पहिल्या तिन्ही गिअरमध्ये येतो आणि चौथ्यात जवळजवळ नाहीसा होतो, तर ज्या भागांवर चौथ्यात ओझे येत नाही ते पाहा, म्हणजे काउंटर शाफ्ट, त्याची बेअरिंग आणि त्याला फिरवणारी चक्रांची जोडी. इनपुट शाफ्टचे बेअरिंगही चौथ्यात बरेच शांत होते, कारण चक्रांचा आडवा रेटा त्याच्यावर राहत नाही. रिव्हर्स गिअरचे दाते सरळ कापलेले असतात, म्हणून त्याची थोडी कुंईकुंई हा दोष मानू नका.

तिसरी परीक्षा: घरंगळत्या गाडीची

गाडीला थोडा वेग द्या, क्लच दाबा आणि न्यूट्रल करा. इंजिन मात्र बंद करू नका. आवाज तसाच राहिला आणि गाडीच्या वेगाबरोबर कमी होत गेला, तर तो गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाच्या बेअरिंगपासून मागच्या चाकांपर्यंत कुठेतरी आहे. प्रॉपेलर शाफ्ट, डिफरन्शियल, चाकाचे बेअरिंग, कधी कधी नुसता टायरही असतो. ॲक्सिलरेटर दाबताना एक सूर आणि सोडल्यावर दुसरा सूर लागत असेल, तर डिफरन्शियलकडे पाहा. गाडी निघताना 'टक्' असा ठोका बसत असेल, तर प्रॉपेलर शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'क्रॉस', हलवून पाहायला सांगा.

गिअर टाकताना खर्र

हा आवाज वेगळा. गिअर बदलताना खर्र झाले की लगेच सिंक्रोच्या पितळी रिंगांना दोष देतात. आधी क्लच तपासा. इंजिन मंद चालू असताना क्लच पूर्ण दाबून चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. तरीही खर्र झाले, तर क्लच पुरता सुटत नाही. त्याचे काम कदाचित नुसत्या ॲडजस्टमेंटवर भागेल. जुन्या पद्मिनीत पहिल्या गिअरला सिंक्रो नसतोच, हेही नव्या चालकाला सांगा. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला गिअर टाकला, तर पेटी ओरडणारच.

आमच्या वहीत काय आले?

रविवारी सकाळी अण्णा स्टिअरिंगवर, मी शेजारी वही घेऊन आणि लेक मागे. न्यूट्रलमध्ये बारीक घरघर. क्लच दाबला की बंद. पहिला, दुसरा, तिसरा या सगळ्यांत मिक्सर. चौथ्यात शांत. क्लच दाबून घरंगळताना काहीच नाही.

दुसऱ्या गिअरमध्ये लेक म्हणाली, "आजोबा, आता केवढ्यानं वाजतंय! तुम्हांला खरंच ऐकू येत नाही?"

अण्णांनी गाडी बाजूला घेतली. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग ते हळूच म्हणाले, "नाही येत गं. बारीक आवाज हल्ली येतच नाहीत." इतके दिवस आम्ही समजत होतो की गाडीच्या प्रेमापोटी ते दोष कबूल करत नाहीत. वयाबरोबर आधी बारीक, उंच सूरच ऐकू येईनासे होतात, हे मला वाचून माहीत होते. आमच्याच घरात ते घडते आहे, हे मात्र लक्षात आले नव्हते.

पुन्हा निघालो. या वेळी अण्णांनी तळहात स्टिअरिंगखालच्या गिअरच्या दांड्यावर ठेवला. दुसरा गिअर, तिसरा गिअर, मग चौथा. "इथे थांबलं," ते म्हणाले. "कानाला नाही, पण हाताला कळतंय." मी वहीत तेही लिहिले.

तेल काय सांगते?

चाचांनी वही वाचली आणि पहिल्यांदा गाडीखाली गेले. गाडी घोड्यांवर उभी होती. नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली कोणीही, कधीही जाऊ नये. त्यांनी गिअरबॉक्सचे तेल स्वच्छ परातीत काढले. जेमतेम अर्धे होते. आरशासारखा रंग देणाऱ्यांनी तेलाची पातळीच पाहिली नव्हती. तेल बाजूच्या लेव्हल प्लगच्या काठापर्यंत हवे.

मग त्यांनी तेलात लोहचुंबक फिरवला. त्यावर राखाडी, मऊ लेप येणे स्वाभाविक असते. पोलादाचे तुकडे किंवा खपल्या लागल्या, तर दाते किंवा बेअरिंग तुटत आहे असे समजावे. चुंबकाला न चिकटणारी सोनेरी चमक ही पितळी रिंगांची झीज असते. आमच्या परातीत बारीक खपल्या निघाल्या, दात्याचा तुकडा मात्र एकही नव्हता.

तेल भरतानाही डबा पाहून घ्या. जीएल-४ आणि जीएल-५ या दोन प्रती दिसायला सारख्या असल्या तरी एक नव्हेत. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसयुक्त रसायनांचे प्रमाण जास्त असते आणि काही जुन्या पेट्यांतल्या पितळी रिंगांना ते मानवत नाही. गाडीच्या हँडबुकात लिहिले असेल तेच वापरा. जाड तेल ओतून आवाज दाबून टाकण्याच्या युक्तीला तर मुळीच भुलू नका. आवाज दबतो, झीज चालूच राहते.

शेवटी निघाले काय?

पेटी उतरवावीच लागली. पण कशासाठी उतरवतो आहोत, हे या वेळी सगळ्यांना माहीत होते. चाचांनी इनपुट शाफ्टचे बेअरिंग काढून अण्णांच्या हातावर ठेवले. त्याच्या गोळ्यांवर आणि कड्यावर देवीचे वण उठावेत तसे खड्डे पडले होते. गाडी उभी असली की तेल तळाशी बसते आणि वरची बेअरिंग कोरडी पडतात. अकरा पावसाळ्यांची दमट हवा तिथे गंज चढवत राहिली होती. चक्रांचे दाते शाबूत होते. पेटी उघडलीच आहे म्हणून काउंटर शाफ्टची बेअरिंगही बदलली, ऑईल सील नवे घातले आणि तेल पातळीपर्यंत भरले. गिअरबॉक्स अण्णांचा स्वतःचाच राहिला. खर्च आधी सांगितलेल्या रकमेच्या पाव हिश्शाहून कमी आला.

गाडी उभी ठेवायची असेल, तर महिन्यातून एकदा तरी थोडी चालवून आणा, म्हणजे तेल सगळीकडे पोचेल. नूतनीकरणाला देताना रंगाच्या यादीबरोबर गिअरबॉक्सचे तेल, बेअरिंग आणि सील यांची तपासणीही लेखी मागा. जुने काढलेले भाग परत मागून घ्या. आणि आवाज आला की आधी वही काढा.

अण्णांनी ते खड्डे पडलेले बेअरिंग टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवले आहे. त्याच आठवड्यात ते कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. माझ्या लेकीने बरोबर जायचा हट्ट धरला होता. डॉक्टरांनी विचारले, "कधीपासून आणि कोणते आवाज ऐकू येत नाहीत?" तेव्हा तिने वहीचे नवे पान उघडून सगळे वाचून दाखवले.