जिंक्स, नाट आणि आमचा सर्व्हर

गेल्या शुक्रवारची गोष्ट. रात्रीचे साडेअकरा, रिलीज सुरू होऊन दोन तास झालेले, सगळं हिरवंगार. मी सहज बोलून गेलो, "आज एकदम स्मूथ चाललंय ना?" कॉलवर शांतता. मग कोणीतरी ओरडलं, "जिंक्स नको करूस रे बाबा!" आणि दहाच मिनिटांत डेटाबेसने मान टाकली.

शनिवारी झोप झाल्यावर डोक्यात किडा वळवळायला लागला. हा जिंक्स शब्द आला कुठून? तर 1911 च्या आसपास अमेरिकेत, बेसबॉलवाल्यांच्या तोंडून तो रूढ झाला. त्याचं मूळ बहुतेक एका पक्ष्याच्या ग्रीक नावात आहे. सुतार पक्ष्याच्या कुळातला हा छोटा पक्षी मान सापासारखी वळवतो, म्हणून ग्रीक लोक त्याला जादूटोण्यात वापरायचे.

आता गंमत बघा. बॅड लक म्हटलं की कोणाचाच दोष नसतो. पाऊस पडला, गाडी चुकली, संपलं. जिंक्सला मात्र कर्ता लागतो. कोणीतरी बोललं, कोणीतरी आलं, म्हणून बिघडलं! मराठीत याला चपखल शब्द आहे, नाट लावणे. घराबाहेर पडताना "कुठे निघालास?" विचारलं की आजी डोळे वटारायची, ते याचसाठी.

इथपर्यंत ठीक आहे. क्रियापद म्हणून जिंक्स तसा निरुपद्रवी. लाकडाला हात लावायचा, हसायचं, कामाला लागायचं. माझा आक्षेप आहे तो नामाला. म्हणजे "हा माणूसच जिंक्स आहे" याला.

आमच्या टीममध्ये एक नवीन मुलगा आहे. त्याच्या शिफ्टला तीन रिलीज पडली आणि त्याचं नावच जिंक्स पडलं. नाव ठेवणारा मीच. सगळे हसायचे, तोही हसायचा. परवाच्या रिलीजआधी मात्र तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मी सुट्टीच टाकतो, तुमचं तरी नीट होईल." हसत नव्हता. मी त्याला सुट्टी दिली. आणि रिलीज तरीही पडलं!

मग जुनी तिकिटं उघडून बसलो. मोठी रिलीज नेहमी शुक्रवारी रात्री. शुक्रवारची रात्र कोणालाच नको असते, म्हणून ती नव्या माणसाच्या गळ्यात. रोस्टर बनवणारा पुन्हा मीच. आणि चारही वेळा कारण एकच निघालं, लॉग फाइल्सनी डिस्क भरली होती. पहिल्याच वेळी नीट शोधलं असतं तर पुढची तीन टळली असती. पण आमच्याकडे उत्तर तयार होतं ना, जिंक्स!

स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड या अमेरिकन मासिकाच्या कव्हरवर झळकलं की खेळाडूचा फॉर्म जातो, असा एक प्रसिद्ध जिंक्स आहे. जानेवारी 2002 मध्ये त्यांनी यावरच स्टोरी केली आणि कव्हरवर चक्क काळी मांजर बसवली. पण कव्हरवर माणूस येतो तोच मुळी फॉर्मच्या शिखरावर असताना. तिथून थोडं खाली येणं हा साधा स्टॅटिस्टिक्सचा भाग झाला. त्यात कव्हरचा काय दोष?

नव्या सुनेला "पांढऱ्या पायाची" म्हणणाऱ्यांना आपण मागासलेले म्हणतो. आम्ही तेच केलं, फक्त एसीत बसून आणि इंग्रजीत. मुद्दा फक्त श्रद्धा-अंधश्रद्धेचा नाही. माणसावर शिक्का मारला की कारण शोधणं थांबतं, आणि तो माणूस हळूहळू स्वतःच त्यावर विश्वास ठेवायला लागतो.

असो. सोमवारी त्याची सगळ्यांसमोर माफी मागितली. पुढच्या शुक्रवारच्या शिफ्टला माझं नाव आहे. डिस्कवर अलर्ट बसवलाय, जुने लॉग आपोआप उडतात. आता सगळं नीट चालेल असं वाटतंय.

...हे मी बोलायला नको होतं का?