शेतासाठी शेजारच्या राज्यातून जेसीबी आणताय? इसार देण्याआधी हे वाचा

विशेष विश्लेषण | परळी वैजनाथ

जमीन सपाट करायची आहे, बांध घालायचे आहेत, शेततळं खोदायचं आहे. ताशी भाड्याने मशीन बोलवायची तर पेरणीच्या तोंडावर नंबरच लागत नाही. अशा वेळी व्हॉट्सअॅपवर बीदर किंवा हैदराबादकडच्या जुन्या जेसीबीचा फोटो येतो आणि चार भाऊबंद मिळून हिशोब मांडतात: 'घेऊनच टाकू, आपल्याच शेतात चालवायची आहे. धंदा थोडीच करायचाय?'

'आपल्याच वापरासाठी' हे दोन शब्द या व्यवहारात सगळ्यात जास्त ऐकू येतात. कायद्याच्या कागदावर मात्र त्यांना फार कमी वजन आहे. मशीन रस्त्यावर उतरली की ती वाहन ठरते आणि तिच्या बकेटने मुरूम उचलला की गौण खनिजाचा प्रश्न येतो. दोन्ही ठिकाणी मालक शेतकरी आहे की ठेकेदार, हे सहसा कुणी आधी विचारत नाही.

थोडक्यात काय?

• परराज्यातली मशीन विकत घेतली तर १२ महिने नाही, ३० दिवस मिळतात.
• टायरची मशीन आणि चेनची मशीन यांचे नियम वेगळे आहेत.
• ई-वे बिल हा एकच मुद्दा असा, जिथे खासगी माणसाला खरी सवलत आहे.
• स्वतःच्या शेतातली माती त्याच शेतात पसरणं आणि ती बाहेर नेणं, या कायद्याने दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सीमा नेमकी कुठे आड येते?

परळीहून रेल्वेने घाटनांदूर, पानगाव, लातूर रोड, उदगीर करत गेलं की पुढे भालकी आणि बीदर लागतं. १९५६ पर्यंत बीड आणि बीदर हे दोन्ही जिल्हे एकाच हैदराबाद राज्यात होते. भाषावार प्रांतरचनेत बीड मुंबई राज्यात आलं, बीदर म्हैसूर राज्यात गेलं. सोयरीक, बाजार आणि यात्रा यांनी ती रेघ फारशी मनावर घेतली नाही. आरटीओचं तसं नाही. परळी तालुक्याचा पासिंग नंबर अंबाजोगाईचा एमएच-४४, बीदरचा केए-३८ आणि तेलंगणाचा आता टीजी. नंबर प्लेटवरची पहिली दोन अक्षरं बदलली की कर, नोंदणी आणि कागद सगळंच बदलतं.

जेसीबी 'वाहन' आहे का?

आपल्याकडे बॅकहो लोडरला सरसकट जेसीबी आणि चेनवरच्या खोदाई यंत्राला पोकलेन म्हणतात. दोन्ही कंपन्यांची नावं, पण बोलीत ती मशीनचीच नावं झाली आहेत. कायद्यात फरक कंपनीचा नाही, चाकांचा आणि रस्त्यावर चालण्याच्या क्षमतेचा आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये 'बांधकाम उपकरण वाहन' अशी स्वतंत्र व्याख्या आहे. रबरी टायरवर स्वतःच्या ताकदीने चालणारे लोडर, बॅकहो, एक्सकॅव्हेटर वगैरे त्यात येतात. मुख्य काम रस्त्याबाहेर, रस्त्यावरचा प्रवास थोडा आणि वेग ताशी ५० किलोमीटरच्या आत, असं हे वाहन. त्याची गणना 'नॉन-ट्रान्सपोर्ट' म्हणजे बिगर-परिवहन वर्गात होते. म्हणून नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे तपासणी करून ५-५ वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. चौदा वर्षांची मशीन स्वस्तात मिळत असेल तर हा हिशोब आधी करा.

फक्त खाणीत, कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात चालणारी आणि स्वतःहून सार्वजनिक रस्त्यावर जाऊ न शकणारी यंत्रं या व्याख्येतून वगळलेली आहेत. चेनवरची पोकलेन बहुधा या बाजूला पडते आणि ट्रेलरवर चढवूनच न्यावी लागते. पण 'आम्ही आवाराबाहेर नेतच नाही, मग कर कशाचा?' हा युक्तिवाद प्रत्येक वेळी टिकतो असं समजू नका. २००१ मध्ये बोस अब्राहम विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक्सकॅव्हेटर आणि रोडरोलर यांना मोटार वाहन मानून त्यांच्यावरचा कर ग्राह्य धरला होता.

'बारा महिने तर चालतं ना?'

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ नुसार एका राज्यात नोंदलेलं वाहन दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवलं तर नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. ही मुदत वाहन कुठे ठेवलं आहे यापुरती आहे.

तुम्ही मशीन विकत घेतली तर कलम ५० लागू होतं. मालकी बदलल्यापासून ३० दिवसांत खरेदीदाराने आपल्या भागातल्या आरटीओला कळवायचं असतं. विकणारा परराज्यातला असेल तर त्याला ना-हरकत प्रमाणपत्रासह कागद देण्यासाठी ४५ दिवस असतात. म्हणजे केए-३८ ची प्लेट ठेवून वर्षभर शेतात चालवू, मग बघू, हे गणित खरेदीदाराला लागू पडत नाही. दरम्यान अपघात झाला तर आरसी बुकावर नाव एकाचं, ताबा दुसऱ्याचा आणि विमा तिसऱ्याच अटींवर, अशी अवस्था होते.

एनओसीसाठी जुन्या राज्याच्या आरटीओकडे फॉर्म २८ भरावा लागतो. चोरीची तक्रार नाही असा पोलिसांचा लेखी अहवाल आणि कराची थकबाकी नसल्याची खात्री झाल्यावरच ती मिळते. कलम ४८ प्रमाणे ३० दिवसांत होकार किंवा नकार कळवला नाही, तर एनओसी दिली असं मानलं जातं. म्हणून अर्जाची पोच जपून ठेवा. त्यानंतर मालकी बदलासाठी फॉर्म २९ आणि ३०, नव्या क्रमांकासाठी फॉर्म २७ आणि मशीनवर कर्ज असेल तर बोजा उतरवल्याचा फॉर्म ३५ लागतो.

चेनच्या मशीनला बहुतेक वेळा नंबर प्लेटच नसते. तिथे मालकीचा पुरावा म्हणजे मूळ बिल, चेसिस आणि इंजिन क्रमांक आणि वित्त कंपनीचं 'देणं नाही' असं पत्र. कर्ज न फिटलेली मशीन कमी भावात विकणारे भेटतात. हप्ते थकल्यावर वसुलीवाले मूळ मालकाकडे नाही, मशीन उभी आहे त्या शेतात येतात.

कर किती?

महाराष्ट्रात मोटार वाहन कर राज्यात 'वापरलेल्या किंवा वापरासाठी ठेवलेल्या' वाहनावर लागतो. वापर स्वतःसाठी की भाड्याने, हा मुद्दा नंतरचा. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात क्रेन, कॉम्प्रेसर, एक्सकॅव्हेटर अशा बांधकाम वाहनांवर किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर सक्तीचा करण्याची घोषणा झाली. ३० लाखांच्या नव्या मशीनवर तो २ लाख १० हजार होतो. जुन्या, परराज्यातून आलेल्या मशीनचा कर तिच्या वयानुसार काढला जातो. म्हणून आरसीची प्रत घेऊन अंबाजोगाईच्या कार्यालयात आकडा आधी काढून घ्या, मग भाव ठरवा. जुन्या राज्यात एकरकमी कर भरला असेल तर त्यातला उरलेला भाग परत मागता येतो. तो अर्ज मूळ मालकाच्या सहीशिवाय अडतो, हे व्यवहार लिहितानाच लक्षात ठेवा.

ई-वे बिल लागतं का?

५० हजारांपेक्षा जास्त किमतीचा माल हलवताना ई-वे बिल लागतं, हा नियम आंतरराज्य वाहतुकीला १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे. पण जीएसटी नियम १३८ मध्ये एक तरतूद आहे: जीएसटी नोंदणी नसलेली व्यक्ती स्वतः माल हलवत असेल, तर ई-वे बिल काढणं तिच्या इच्छेवर आहे. दोन शेतकऱ्यांमधला जुन्या मशीनचा व्यवहार इथे बसतो.

विकणारा जीएसटी नोंदणी असलेला डीलर असेल तर चित्र बदलतं. त्याने पक्कं बिल आणि ई-वे बिल दोन्ही द्यायला हवं. कागदाविना माल पकडला गेला तर कलम १२९ खाली देय कराच्या २०० टक्के दंड आहे. १२ लाखांच्या यंत्रावर १८ टक्के कर म्हणजे २ लाख १६ हजार आणि दंड ४ लाख ३२ हजार. ट्रेलरवर बसणारी मशीन 'मापापेक्षा मोठा माल' म्हणून नोंदवली तर ई-वे बिलाची मुदत दर २० किलोमीटरला एक दिवस मिळते. साध्या मालाला ती २०० किलोमीटरला एक दिवस असते. १६० किलोमीटरच्या प्रवासाला एकीकडे आठ दिवस, दुसरीकडे एकच.

सक्ती नसली तरी खासगी माणसानेही ई-वे बिल काढलेलं बरं. मध्यरात्री नाक्यावर ट्रेलर अडवला तर नियम १३८ समजावून सांगण्यापेक्षा मोबाइलवरचा क्रमांक दाखवणं सोपं पडतं.

माती आपली, तरी परवानगी?

खरा मोठा धोका इथे आहे, आणि मशीन परळीत पोहोचल्यावर तो सुरू होतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) नुसार विनापरवाना गौण खनिज काढलं तर बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि यंत्रही जप्त होतं. २०१८ च्या नियमदुरुस्तीत जप्त यंत्र सोडवण्यासाठी रकमा ठरवल्या गेल्या. ट्रॅक्टरसाठी १ लाख, तर एक्सकॅव्हेटर आणि यांत्रिक लोडरसाठी साडेसात लाख. जुनी मशीन जेवढ्याला पडली, त्याच्या निम्म्याहून जास्त रक्कम एका रात्रीत भरण्याची वेळ येऊ शकते.

मग स्वतःच्या शेताची लेव्हलही करायची नाही? तसं नाही. डिसेंबर २०१४ मध्ये पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने दाखल केलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की खोदलेली प्रत्येक माती आपोआप गौण खनिज होत नाही, तिचा वापर कशासाठी होतो ते पाहावं लागेल. पायासाठी काढलेली माती त्याच जागेत वापरली तर निव्वळ खोदलं म्हणून रॉयल्टी लागत नाही. निकाल बांधकामाच्या जागेबद्दल होता, पण त्यातला विचार शेतकऱ्यालाही उपयोगी आहे. उंचवट्याची माती त्याच गटातल्या खोलगट भागात टाकणं वेगळं आणि तोच मुरूम ट्रॉलीत भरून रस्त्याच्या कामाला देणं वेगळं. दुसऱ्या प्रकाराला तहसीलची परवानगी आणि रॉयल्टीची पावती लागतेच.

काम सुरू करण्याआधी गट नंबर, क्षेत्र आणि 'माती बाहेर जाणार नाही' एवढं लिहून तहसील कार्यालयात अर्ज द्या, पोच घ्या. कामाआधीचे आणि नंतरचे फोटो ठेवा.

विमा आणि चालक

सार्वजनिक रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक वाहनाला कलम १४६ नुसार तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. यंत्राच्या मोडतोडीसाठी घेतलेली 'प्लांट अँड मशिनरी' पॉलिसी त्याची जागा घेत नाही. चालकाच्या परवान्यावर अशा यंत्राचा वर्ग नोंदलेला हवा. कारचं लायसन्स पुरत नाही. शेजाऱ्याचं काम करून 'फक्त डिझेलचे पैसे' घेतले, तरी दाव्याच्या वेळी विमा कंपनी विचारणार, यंत्र खासगी होतं की भाड्याचं?

परदेशातून आणलं तर?

एखाद्याचा मुलगा आखातात आहे, तिथे जुनी छोटी मशीन स्वस्त मिळते. आणता येते, पण प्रवासी सामानाच्या सवलतीत नाही. रीतसर आयात, सीमाशुल्क आणि जीएसटी भरावा लागतो. आयात-निर्यात कोडमधून 'वैयक्तिक वापरा'ला सूट आहे खरी, मात्र तो वापर व्यापार, उत्पादन किंवा शेतीशी संबंधित नसावा, अशी अट आहे. म्हणजे शेतासाठी आणलेलं यंत्र तिथे वैयक्तिक वापरात मोडत नाही.

आमचं मत

नियम अनाठायी आहेत असं नाही. चोरीच्या मशीन सीमेपलीकडे विकल्या जातात आणि स्वतःच्या शेताचं नाव सांगून रात्री मुरूम उपसला जातो, ही वस्तुस्थिती आहे. पण चोराला पकडण्यासाठी टाकलेल्या जाळ्यात कागद न समजलेला शेतकरी आधी सापडतो, कारण ठेकेदाराकडे एजंट असतो आणि शेतकऱ्याकडे नसतो.

तीन गोष्टी सरकारला सहज करता येतील. परराज्यातल्या जुन्या बांधकाम वाहनाचा कर किती होईल, हे मराठीतून आणि खरेदीआधी ऑनलाइन दिसावं. एनओसीसाठी लागणारा पोलिस अहवाल दोन राज्यांनी एकमेकांना परस्पर पाठवावा. आणि स्वतःच्या गटात माती हलवण्यासाठी एका पानाचा सूचना-अर्ज ठरवून द्यावा, ज्याची पोच दाखवली की चौकशीआधी यंत्र उचललं जाणार नाही. वचक कमी न करता एवढं करता येतं.

तोवर खरेदीदाराने एवढा क्रम पाळावा: आधी चेसिस नंबर आणि बोजा तपासा, मग आरटीओकडून कराचा आकडा घ्या, मग एनओसीच्या अटीवर इसार द्या. मशीन सगळ्यात शेवटी हलवा. हा क्रम पाळून मशीन महिनाभर उशिरा आली, तर एक हंगाम भाड्याने भागवता येईल. उलटं केलं आणि मशीन तहसीलच्या आवारात जाऊन उभी राहिली, तर हप्ते मात्र चालूच राहतील.