आधी मूळ प्रत, मग बदल

माझ्या पुतण्याने सुटे भाग आणून घरीच डेस्कटॉप जोडला. गेल्या रविवारी तो त्यातल्या थंडरबोल्ट कार्डाचे फर्मवेअर बदलायला बसला होता. ‘कार्ड चांगलंय काका, पण माझी ऑपरेटिंग सिस्टीम त्याला ओळखतच नाही,’ तो म्हणाला. मी विचारले, ‘मूळ फर्मवेअरची प्रत काढून ठेवलीस का?’ ‘नंतर काढतो.’ मी त्याला तिथेच थांबवले.

फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या भागावरच, एका छोट्या चिपमध्ये साठवलेला प्रोग्राम. त्या भागाने कसे वागायचे हे तो ठरवतो. थंडरबोल्ट 3 सेकंदाला 40 गिगाबिट वेगाने माहिती वाहून नेते आणि संगणकाच्या मेमरीपर्यंत थेट पोहोचू शकते. कोणाला आत सोडायचे याचे नियमही याच फर्मवेअरशी जोडलेले असतात. नेदरलँड्समधील आइंडहोवन तंत्रज्ञान विद्यापीठातील एका संशोधकाने 2020 मध्ये दाखवून दिले, की संगणक उघडून ही चिप पुन्हा लिहिली तर काही मिनिटांत ते नियम बंद पाडता येतात. म्हणूनच अनोळखी माणसाने तयार केलेली फाईल चिपमध्ये भरणे म्हणजे चिठ्ठी नसलेल्या बाटलीतले औषध घेण्यासारखे आहे.

आमच्या क्षेत्रातले उदाहरण सांगतो. ऑगस्ट 2017 मध्ये अमेरिकेत सुमारे 4 लाख 65 हजार पेसमेकरच्या फर्मवेअरमध्ये सुरक्षेसाठी सुधारणा मंजूर झाली. काम तीनेक मिनिटांचे, पण त्यासाठी रुग्णाला दवाखान्यात यावे लागे. त्या वेळात पेसमेकर मिनिटाला 67 ठोक्यांच्या राखीव पद्धतीवर चालत राही. यंत्र पूर्ण बंद पडण्याची शक्यता लाखात तीन इतकी कमी होती, तरी प्रत्येक रुग्णासाठी ती सुधारणा करावी की नाही, याचा डॉक्टरांनी त्याच्याशी बोलून विचार करावा असे सांगितले गेले.

स्वतःच्या संगणकाचे फर्मवेअर बदलायला माझी हरकत नाही. मुले अशीच शिकतात. मात्र मूळ प्रत दोनदा वाचून दोन्ही फाईली तंतोतंत जुळवाव्यात. चिप 3.3 व्होल्टची असेल, तर प्रोग्रामर तिला 5 व्होल्ट देत नाही ना, हे तपासावे.

हीच हुशार मुले पुढे गावातल्या दवाखान्यांचे एक्स-रे आणि सोनोग्राफीचे संगणकही दुरुस्त करू लागतात. तिथे माझे मत कडक आहे. रुग्णाशी जोडलेल्या यंत्राच्या फर्मवेअरला उत्पादकाच्या लेखी मान्यतेशिवाय हात लावू नये. 1 एप्रिल 2020 पासून देशात वैद्यकीय उपकरणे, त्यांच्या सॉफ्टवेअरसह, औषधविषयक कायद्याखाली आली आहेत, ती याच काळजीपोटी.

पण नुसती मनाई पुरत नाही. मोठ्या शहरातून तंत्रज्ञ येईपर्यंत यंत्र बंद राहिले, तर सातपुड्याच्या पाड्यावरून आलेला रुग्ण तपासणीविना परततो. केंद्र सरकारने 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही क्षेत्रे निवडली. त्यात रुग्णालयातील यंत्रे नव्हती. प्रशिक्षित स्थानिक तंत्रज्ञांना मूळ फर्मवेअर आणि दुरुस्तीची माहिती देणे उत्पादकांना बंधनकारक व्हायला हवे.

पुतण्याने त्या दिवशी आधी प्रत काढली. नवे फर्मवेअर भरल्यावर कार्ड दिसेनासेच झाले. मूळ फाईल परत लिहिली, तेव्हा ते पुन्हा सुरू झाले. आता तो माझ्या आधी स्वतःच विचारतो, ‘प्रत आहे ना?’