पाबळच्या रस्त्यावर बिनचालकाची मोटार?

समजा, पाबळहून शिक्रापूरकडे जाताना तुमच्या एस.टी.पुढे कडब्याची गाडी लागली आहे. मागून ना चाके दिसतात, ना बैल. एक गंजच रस्त्याने चालली आहे असे वाटते! ड्रायव्हर मात्र गोंधळत नाही. गंज आपोआप चालत नाही, तेव्हा खाली गाडी आणि पुढे बैल असणारच, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. कधी रस्त्यावर मळणीसाठी हुलगे पसरलेले असतात. त्यांच्यावरून तर गाडी न्यायचीच असते.

आता चालकाच्या जागी संगणक आहे अशी कल्पना करा. कॅमेरे आणि लेसर किरण यांच्या साहाय्याने तो भोवताली पाहतो आणि पूर्वी दाखवलेल्या असंख्य चित्रांवरून समोर काय आहे ते ओळखतो. पण त्या चित्रांत जे नव्हतेच, त्याचे काय? व्होल्व्हो या स्वीडिश कंपनीच्या मोटारींतील यंत्रणा मूस नावाचे थोरले हरीण ओळखी. ऑस्ट्रेलियात कांगारूंनी तिला चकवले, हे २०१७ साली कंपनीनेच सांगितले. जनावर किती दूर आहे हे ती जमिनीच्या आधाराने ठरवी. त्यामुळे कांगारू उडी मारून हवेत गेला की दूर वाटे, खाली आला की जवळ!

याचे हसू येईल. पण १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील टेम्पे शहरात जे घडले ते हसण्यासारखे नव्हते. एक स्त्री सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होती. उबर कंपनीच्या चाचणी-मोटारीने तिला ५.६ सेकंद आधी टिपले होते. परंतु ही मोटार, सायकल की आणखी काही, यातच संगणक घोटाळत राहिला. आणि मत बदलताना दर वेळी तिची आधीची हालचाल विसरत गेला. ठरवून दिलेली जागा सोडून माणूस रस्ता ओलांडील, हे त्याच्या हिशेबातच नव्हते. देखरेखीला बसलेल्या व्यक्तीचेही लक्ष नव्हते. ती स्त्री मरण पावली.

केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये अशा मोटारींना विरोध केला तो रोजगार जातील म्हणून. माझी शंका वेगळी आहे. माणूस फार उत्तम चालक आहे असे मुळीच नाही. २०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक लोक दगावले. यंत्राला डुलकी लागत नाही, ते दारू पीत नाही. तेव्हा ब्रेक लावायला मदत करणारे यंत्र अवश्य यावे, पण चालक उठवून नव्हे. अमेरिकेत काही शहरांतून बिनचालकाच्या टॅक्सी धावतात, त्या आधी बारकाईने नकाशा केलेल्या भागात. मला भीती वाटते ती याची, की उद्या कोणी म्हणेल, “मोटार ठीक आहे, तुमची मेंढरे तेवढी रस्त्यावरून हटवा.”

उद्या शाळेत जाताना वाटेत दिसलेल्या अशा वस्तू वहीत टिपा, की ज्या संगणकाला कोणी दाखवल्या नसतील. कडब्याची गाडी मी आधीच घेतली आहे, बरे का!